तिसऱ्या ओळीतला हुंदका

ऑल्टरनेटिव्ह रॉक बँडच्या त्या गायकाचं उभ्या आयुष्यात एकच गाणं चाललं, तेही चुकून. रेकॉर्डिंगच्या दिवशी घसा बसला होता आणि तिसऱ्या ओळीला आवाज असा चिरकला, की जणू हुंदकाच फुटला. तो म्हणाला, "परत घेऊ." रेकॉर्डिस्टने हेडफोनसुद्धा काढले नाहीत. "वेडा आहेस का? लोक यावरच मरतील."

झालंही तसंच. पुढची बावीस वर्षं लोक तिकीट काढून तो हुंदका ऐकायला आले. नवं गाणं सुरू झालं, की उठून सिगरेट ओढायला बाहेर जायचे. मग काय, गडी रोज बाथरूमचं दार लावून हुंदक्याचा रियाज करायचा. बाहेर गृहपाठ करत बसलेली मुलगी ओरडायची, "बाबा, आज लवकर फुटला!" होता होता हुंदका असा हुकमी झाला, की हसता हसतासुद्धा काढता यायचा.

परवा हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि नकारार्थी मान हलवली. लिफ्टमधून धावत आलेल्या मुलीला आता त्यानेच सांगायचं होतं.

"बाळा, आपली आई..." एवढंच म्हणाला आणि आवाज फुटला. त्याने काहीच केलं नव्हतं, तरी अगदी तसाच, रियाजातल्यासारखा.

लहानपणी दाराबाहेरून ऐकायची, तसा मुलीने क्षणभर कान दिला. मग तोंड फिरवलं.

"बाबा, निदान आईसाठी तरी खरं रड."