पुसट पट्टा

स्वरूपाचे वडील ज्या आजाराने गेले, त्यानेच आता तिच्या भावाचे, सुजितदादाचे हात थरथरू लागले होते. त्या आजाराचं जनुक गप्प करण्यासाठी ती चिंचवडच्या प्रयोगशाळेत वर्षभर आरएनएचे बारीक तुकडे पेशींत सोडत होती आणि दर वेळी, जनुक चालूच असल्याची खूण म्हणून, त्याच्या प्रथिनाचा काळा पट्टा तपासणीत तसाच उमटत होता. आज पट्टा पुसट झाला. आनंदापेक्षा तिला थकवाच जास्त जाणवला. खुर्चीत बसून तिने चाकणला दादाला फोन लावला. हात थरथरतात म्हणून कंपनीने त्याला लाइनवरून काढून गेटवर बसवलं होतं. “जमलं का गं?” त्याने विचारलं. “जमलं, पण बशीतल्या पेशींत. औषध व्हायला फार वर्षं लागतील, दादा. तुझ्यासाठी बहुतेक...” “माझं राहू दे,” तो म्हणाला, “तुझ्या वहिनीला दिवस गेलेत.” स्वरूपाने हातमोजे चढवले आणि नवी बशी बाहेर काढली.