साक्षीदाराची सही

टिटवाळ्यापलीकडच्या गोल्फच्या मैदानावर कॉस्मास यायचा तो दोस्तीखातर आणि गंमत म्हणून. फटके मोजायचं कार्ड त्याला वड्याखाली धरायलाच लागायचं. गेल्या वर्षी मात्र चुकून तो स्पर्धाच जिंकला, आणि कार्डावर सही करायला विसरला. ऋतुराजने, त्याच्या जिवाभावाच्या मित्राने, धावत जाऊन तक्रार केली. कॉस्मास बाद, कप ऋतुराजच्या घरी! कॉस्मास तेव्हा हसला, पण वर्षभर मनात डूख धरून होता. आज दोघंच खेळत होते. ऋतुराजने स्टिक फिरवली आणि चेंडू पहिल्याच फटक्यात थेट होलमध्ये! “क्लबच्या भिंतीवर नाव लागणार माझं!” तो नाचतच आला. “फक्त साक्षीदाराची सही पाहिजे. बघितलंस ना रे?” कॉस्मासने त्याचं कार्ड घेतलं, त्यावर तेलकट वडा ठेवला आणि सावकाश घास घेतला. “बघितलं की. पण सही करायला विसरतो मी, तुला माहितीये.”