जिना उतरताना

कुवेतमध्ये डोंगर नाही. म्हणून रितेश आल्प्सची शिखरं चढायची तयारी फिंतासमधल्या आपल्या बिल्डिंगच्या जिन्यात करायचा. पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरलेली सॅक, मनगटावर उंची दाखवणारं घड्याळ. बाविसाव्या मजल्यावर घड्याळानं शहात्तर मीटर दाखवले, आणि तो उतरायला लागला.

मजला अठरा. तीनशे मीटर.

"घड्याळ बिघडलंय वाटतं," तो फोनवर बायकोला म्हणाला.

"ते राहू दे, गिर्यारोहक! लिफ्ट बंद आहे आणि मी एगैलाच्या बाजारातून सामान घेऊन खाली जिन्याच्या दारात उभी आहे. ये लवकर," विशाखा म्हणाली.

मजला अकरा. दोन हजार मीटर. त्याच्या कानांना दडे बसले.

मजला सहा. तीन हजार चारशे. बाहेर पन्नास डिग्रीचं ऊन होतं, आणि जिन्याचा कठडा बर्फासारखा गार लागत होता.

मजला एक. चार हजार सातशे. आता एका पायरीला दोनदा श्वास घ्यावा लागत होता.

"विशाखा, दम पुरत नाहीये गं. दिसतोय का मी?"

"दिसत नाहीस, पण तुझे बूट ऐकू येताहेत." ती हसली, आणि मधेच थांबली. "अरे, वर कुठे चाललास?"

"उतरतोय मी!"

"नाही रे. आवाज लांब लांब जातोय."

रितेश मटकन पायरीवर बसला. दोन्ही पाय त्यानं हातांनी घट्ट आवळून धरले.

"रितेश, थांब ना!" फोनमध्ये विशाखा ओरडली. "बूट अजून वरच चाललेत तुझे, थांब म्हणतेय ना मी!"