काटा

"थर्मोस्टॅट बदललाय, रेडिएटर साफ केलाय," इक्बालभाई हात पुसत म्हणाले. "जपानी गाडीत झऱ्याचं पाणी ओततात होय? कूलंटच घालत जा. आता कुंभार्ली घाट एका दमात चढेल बघा."

निरंजन खूश झाला. कुमुदताईंना मात्र चुटपुट लागली. मुलगा वर्षातून एकदा पुण्याहून येई आणि त्यांना चिपळूणहून कराडला, मावशीकडे नेई. घरी त्याच्या हातातला फोन सुटत नसे. पण घाटात गाडी तापायची. तिथे रेंज नसायची. मग बॉनेट उघडं टाकून मायलेक कठड्यावर बसायची आणि इंजिन निवेपर्यंत तो पोटातलं सगळं बोलायचा.

घाट लागला, तशी कुमुदताईंची नजर इंजिनाचा ताप दाखवणाऱ्या काट्यावर खिळली.

"अरे, वर चाललाय बघ."

"कुठे गं आई? मध्येच ठाण मांडून बसलाय. इक्बालभाईंनी काम चोख केलंय."

नेहमीचा कठडा दिसला. गाडीचा वेग जराही कमी होईना.

"निरंजन, थांब. मळमळतंय मला."

जन्मात कधी त्यांना गाडी लागली नव्हती. त्याने घाबरून गाडी कडेला घेतली, त्यांना हात धरून कठड्यावर बसवलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिला.

"बरं वाटतंय का?"

"वाटेल हळूहळू," म्हणत त्या थोड्या सरकल्या आणि त्याला शेजारी जागा करून दिली.