राखेची भिंत

१९३४ सालची गोष्ट. इगतपुरीच्या इंजिनशेडमध्ये राख उपसणाऱ्या कासमने हबीब मिस्त्रींच्या मुलीला, हमीदाला, मागणी घातली.

"इंजिनांची राख, भाताच्या तुसाची राख आणि चुना कालवून मी विटा पाडतो, चाचा. भट्टी लागतच नाही. गावभर घरं बांधीन!"

मिस्त्री पोट धरून हसले. त्यांची हयात भाजलेल्या विटा रचण्यात गेली होती. "न भाजलेली वीट, आणि इगतपुरीच्या पावसात? एक भिंत बांध. दिवाळीला ती जागेवर असली, तर निकाह ठरवू!"

चार महिने पाऊस कोसळत राहिला. कासम रोज भिंतीला हात लावून मगच कामावर जायचा. दिवाळीत मिस्त्री हातोडी घेऊन आले. पहिल्या घावाला भिंत हलली नाही. तिसऱ्या घावाला हातोडीचा दांडाच मोडला. कासम तिथेच नाचायला लागला, शेजारी टाळ्या पिटू लागले आणि मिस्त्रीही हसत सुटले.

त्यांनी कासमला ओढतच घरी नेलं, पुढ्यात चहा ठेवला. "जिंकलास, पोरा! आता एवढंच सांग, राखेत चुना किती घालतोस?"

कासम बोटांवर मोजू लागला. मग छताकडे बघू लागला.

 

"पाच टोपल्या राखेला एक टोपली चुना, अब्बा!" पडद्यामागून हमीदा ओरडली. "शंभरदा सांगितलंय यांना, लक्षातच राहत नाही!"