शनिवारच्या चादरी

"आई, खा ना लवकर. वारं सुटलंय," सोलेन म्हणाली आणि हातातल्या ताटल्या सांभाळत पुढच्या टेबलाकडे पळाली.

ओदीलने मान हलवली. समोरचा पोलेंता, मक्याच्या पिठाचा सांजा, केव्हाच गार झाला होता. डोंगरावरचं हे इटालियन उपाहारगृह तुरीन शहरातून आलेल्या लोकांनी फुलून गेलं होतं, आणि त्या गर्दीत लेक दर थोड्या वेळाने येऊन एक वाक्य टाकून जात होती.

पाठीवरची पिशवी ओदीलने टेबलाखाली पायांशी धरून ठेवली होती. एका दिवसासाठी फ्रान्समधून खिंड ओलांडून स्की करत येणारे लोक फार तर पाण्याची बाटली आणतात. ओदीलने स्वेटर, रात्रीचे कपडे आणि रक्तदाबाच्या गोळ्या आणल्या होत्या. तिला परत जायचं नव्हतं. एवढंच लेकीला सांगायचं होतं, पण सकाळपासून ते जिभेवर येऊन अडून बसलं होतं.

सोलेन रिकामे ग्लास उचलायला आली, तेव्हा ओदीलने विचारलं, "तुझ्या खोलीत कितीजणी असता गं?"

"मी आणि ती जुलिया. का?"

"सहज."

"खोली कसली, खुराडं आहे नुसतं. झोपेतून उठलं की डोकं छताला आपटतं," सोलेन हसत म्हणाली आणि गेलीसुद्धा.

ओदील हसली नाही. ती फार दमली होती. खिंड ओलांडून नव्हे; बर्फावर तिचे पाय अजून तरुण होते. ती दमली होती घराला. घराच्या वरच्या खोल्या हिवाळाभर पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या. दर शनिवारी सकाळी जुने पाहुणे जाणार, दुपारनंतर नवे येणार, आणि मधल्या वेळात चादरी, अभ्रे, न्हाणीघरं सगळं ओदीलने एकटीने उरकायचं. नवरा, रेमी, खाली बसून किल्ल्या द्यायचा आणि गप्पा हाणायचा. "आमचं घर लोकांना फार आवडतं," असं म्हणायचा. त्यातलं 'आमचं' म्हणजे नक्की कोणाचं, हे त्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

उपाहारगृहाचा मालक एत्सिओ मिशांवरचं बर्फ झटकत आत आला.

"काय बाई, जेवण आवडलं नाही वाटतं? आता पलीकडे जाऊन आमची बदनामी करणार तुम्ही!"

"नाही हो. पोट भरलं."

"मग उठायचं बघा. वर वारं पिसाळलंय. खिंडीकडे नेणारी पाळण्यांची लिफ्ट आज लवकर बंद करतायत. रस्ता तर बर्फाखाली. लिफ्ट चुकली की दूरच्या बोगद्यातून गाडीने भला मोठा वळसा."

ते ऐकून सोलेन धावत आली. तिने खुंटीवरचं आईचं हेल्मेट काढून तिच्या हातात दिलं.

"ऐकलंस ना? चल, ऊठ. निवांत बोलायचं तर मंगळवारी ये. मंगळवारी आम्ही माशा मारत बसलेलो असतो. शनिवारी कशाला आलीस अशी तडफडत?"

बोलता बोलता ती थबकली.

"आई, आज शनिवार आहे."

"हो."

इटलीत राहून सोलेन विसरलीच होती. इथे शनिवार म्हणजे तुरीनकरांची झुंबड. तिकडे शनिवार म्हणजे चादरी. लहानपणी एकदा सोलेन तापाने फणफणली होती, पण वार शनिवार होता, म्हणून आई तिच्या उशाशी बसू शकली नव्हती.

"चादरी कोणी बदलल्या?"

"कोणी नाही."

तेवढ्यात ओदीलचा फोन वाजला. रेमीचा आवाज इतका मोठा होता, की शेजारच्या टेबलावरच्या माणसांनीही माना वळवल्या.

"अगं, उशांचे अभ्रे कुठे ठेवलेस? लोक दारात येऊन उभे आहेत!"

"जिन्याखालच्या कपाटात. वरच्या फळीवर."

"बरं." फोन बंद झाला.

"तू कुठे आहेस, विचारलं बाबांनी?" सोलेनने विचारलं.

ओदीलने नकारार्थी मान हलवली. आणि मग ती उठली. कायमची म्हणून निघालेली बाई अभ्र्यांपायी परत निघाली. सवय माणसाला अशी जळवेसारखी चिकटते.

"त्याला नाही जमायचं गं ते. उलटेच घालेल," ती हेल्मेटचा पट्टा चाचपत म्हणाली. "जाते मी. नाहीतरी तुझ्या खोलीत जागा नाही."

शेवटचं वाक्य तिच्या तोंडून निसटलं होतं. तिने घाईघाईने खाली वाकून पिशवी ओढली, पण ती जड होती आणि टेबलाच्या पायाला अडकली. सोलेनने पिशवीकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. एवढी थकलेली आई तिने कधी पाहिली नव्हती, की कधी नीट पाहिलंच नव्हतं, कोण जाणे.

तिने आईच्या हातातलं हेल्मेट काढून घेतलं आणि कुणा तुरीनकराच्या ताटाशेजारी ठेवून दिलं.

"बस."

"अगं, पण..."

"बस म्हणते ना."

सोलेन त्या गर्दीत आईच्या पायांशी जमिनीवर बसली आणि आईच्या बुटांच्या कड्या उघडू लागली. स्कीचे बूट पायातून निघाले की दिवस संपला, हे डोंगरात शेंबड्या पोरालाही कळतं.

"लिफ्ट जाईल, सोलेन."

"पाय वर कर."

एत्सिओ फोन कानाला लावून दारात उभा होता. पलीकडे जाणारं कोणी उरलं नाही, असा सगळ्या उपाहारगृहांतून निरोप आल्याशिवाय वरचा लिफ्टवाला लिफ्ट बंद करत नसे.

"फ्रान्सचं कोणी राहिलंय का?" एत्सिओ सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला.

"कोणी नाही," टेबलाखालून सोलेन म्हणाली.