खांदशेकणी

दयारामच्या हॉटेलासमोर ट्रक पंक्चर होऊन थांबला, आणि बैलाच्या खांद्याकडे निघालेला शेषरावांचा हात मध्येच राहिला.

उद्या पोळा होता. वडनेर भोलजीत घरोघर खांदशेकणी चालली होती. जू वाहून घट्टे पडलेले बैलांचे खांदे गरम पाण्यानं शेकायचे, पळसाच्या पानानं तूप-हळद चोळायची आणि कानाशी लागून उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. मोऱ्याचं झालं होतं. पाखऱ्या मान खाली घालून आपली पाळी येण्याची वाट पाहत होता.

शेषरावांचं लक्ष सडकेकडे होतं. ट्रकवरची ताडपत्री एका अंगानं निसटली होती आणि तिच्याखालून एक लांब, निमुळतं नाक बाहेर डोकावत होतं.

"स्पिटफायर," ते म्हणाले, आणि हातातला तूप-हळदीचा वाडगा तसाच घेऊन चालू लागले.

तानुबाईनं कपाळावर हात मारून घेतला. लग्न होऊन आली तेव्हापासून ती या सवतीचं नाव ऐकत होती. ब्रह्मदेशातल्या लढाईत शेषराव या विमानाच्या दुरुस्तीवर होते. धावपट्टीच्या चिखलातून जाताना ते नाकावर पडू नये म्हणून शेपटीवर माणूस बसवत, आणि तो माणूस म्हणजे आपण, असं ते सांगत. गावानं बैलाचं शेपूट पिरगाळणारे पुष्कळ पाहिले होते, विमानाच्या शेपटीवर बसणारा हा पहिलाच. मागच्या सालच्या पाकिस्तानच्या लढाईपासून पोरासोरांच्या तोंडी नॅट विमानाचं नाव आलं, तरी शेषरावांचं हे विमान काही कुणाला खरं वाटलं नाही. तानुबाई चारचौघांत हसत नसे, एवढंच.

"अवो, पाखऱ्या राह्यला नं!" म्हणत तीही पळसाची पानं घेऊन मागोमाग गेली.

ड्रायव्हर चाकाशी बसून जॅक फिरवत होता. शेषरावांनी विचारलं तेव्हा त्यानं मान वर केली नाही. "कबाड है, चाचा. बंबई जाके भट्टी में गलेगा."

शेषराव ट्रकच्या फळीवर चढले आणि त्यांनी ताडपत्री मागं सारली. "पाह्य," ते तानुबाईला म्हणाले. "हे होय ते."

तानुबाईनं पाहिलं. रंगाचे पोपडे निघालेले, काच फुटलेली, आत बसायची जागा रिकामी.

"याले त पंखच नाहीत," ती म्हणाली.

"शेपूट त आहे नं, शेषराव!" दयाराम हॉटेलातून ओरडला. "बसा एकडाव, आमी पाह्यतो." बाकड्यावरचे सगळे हसले.

एरवी शेषरावांनी त्याचं उसनं ठेवलं नसतं. आज त्यांनी खाली पाहिलं. आयुष्यभर ज्याची थोरवी गायली ते भेटलं, आणि भेटलं ते असं. स्वतःपेक्षा त्यांना त्या विमानाचीच लाज राखावीशी वाटत होती.

"असं नोहतं ते," ते हळूच म्हणाले. "वर चढे तवा सारे हातातलं काम सोडून पाह्यत राहत. नुसत्या आवाजावरून मले समजे, आपलं वापस येऊन राह्यलं. अजूनबी कधी कधी कानात येते."

तानुबाईनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग पंख उपटल्या जागी हात फिरवला. तिथला पत्रा दबून चकचकीत झाला होता.

"पंख इथंच होते?"

"हाव. सारा भार इथंच."

तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि एक पान त्यांच्यापुढं धरलं. "मंग थांबले काऊन? वाडगा हातातच आहे."

शेषरावांनी वाडग्याकडे असं पाहिलं, जणू तो आत्ताच कुणी हातात दिला होता. मग पान तुपात बुडवलं आणि चोळायला लागले. आधी हा खांदा, मग फळीवरून पलीकडे जाऊन तो. घाई केली नाही. ड्रायव्हरचं चाक बसवून झालं होतं, पण तो हात पुसत तसाच उभा राहिला.

शेवटी शेषराव त्या नाकाशी वाकले.

"आज आवतन घ्या," ते म्हणाले. पुढचं न म्हणताच ते खाली उतरले.

ट्रक सुरू झाला आणि मलकापूरच्या दिशेनं हलला. ताडपत्री कुणी ओढून घेतली नव्हती, दोन्ही खांद्यांवरची हळद लांबूनही दिसत होती. तानुबाई सडकेच्या मधोमध आली. ऐन बाजारात नवऱ्याशीसुद्धा कधी मोठ्यानं न बोललेली ती बाई सगळ्या हॉटेलाला ऐकू जाईल अशी म्हणाली,

"उद्या जेवाले या."